निवृत्तीनंतरची खुर्ची

एखाद्या निवृत्त न्यायमूर्तींना राज्यपाल केलं की आपल्याकडे वाद कसा रंगणार हे पाठ झालंय. विरोधक म्हणणार बक्षिसी, सत्ताधारी म्हणणार अनुभवाचा सन्मान. सरकार बदललं की संवाद तेच, फक्त पात्रांची अदलाबदल.

अरुण जेटली २०१२ मध्ये राज्यसभेत विरोधी पक्षनेते होते. निवृत्तीआधीच्या निकालांवर निवृत्तीनंतरच्या पदाचा प्रभाव पडतो, असं तेव्हा ते बोलले होते. २०१४ मध्ये त्यांचंच सरकार आलं आणि त्याच वर्षी माजी सरन्यायाधीश सदाशिवम केरळच्या राजभवनात पोहोचले! सरन्यायाधीश रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाले, मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर. काँग्रेसवाल्यांनी यावर फार बोलू नये. १९८३ मध्ये न्यायमूर्ती बहरुल इस्लाम यांनी सर्वोच्च न्यायालयाचा राजीनामा दिला आणि त्याच वर्षी ते काँग्रेसतर्फे राज्यसभेत गेले.

गंमत म्हणजे कॅगला, म्हणजे सरकारचे हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांना, पद सोडल्यावर सरकारी नेमणूक घेता येत नाही, यूपीएससीच्या अध्यक्षांनाही नाही. राज्यघटनेतच तसं लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना मात्र मनाई आहे ती फक्त पुन्हा वकिली करण्याची. संविधान सभेत के. टी. शहांनी न्यायाधीशांसाठीही अशी बंदी सुचवली होती. बाबासाहेबांना ती पटली नाही. कोर्टापुढचे बहुतेक वाद नागरिकांचे आपापसांतले असतात, सरकारचा संबंध क्वचितच येतो, हा त्यांचा मुद्दा. १९४९ साली तो पटण्यासारखा होता. आज देशातला सगळ्यात मोठा पक्षकार सरकारच आहे.

सरसकट बंदी घाला म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. पर्यावरणाचे खटले चालवणारा हरित लवाद, मानवाधिकार आयोग अशा ठिकाणी कायद्यालाच निवृत्त न्यायाधीश लागतात. तिथे निवाड्याचा अनुभव कामी येतो, तर येऊ द्या. फक्त निवड एकट्या सरकारच्या हातात नको आणि मध्ये दोन वर्षांचं अंतर हवं. माजी सरन्यायाधीश लोढाही दोन वर्षांचंच म्हणत होते.

राज्यपालपद आणि राज्यसभा ही गोष्टच वेगळी. तिथे दोन वर्षं थांबूनही नको, कायमची बंदी हवी. त्याबदल्यात न्यायाधीशांची पेन्शन वाढवायची तर वाढवा, करदाता म्हणून माझी तक्रार नाही.

आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाले तेव्हाच निवृत्तीनंतर कुठलंही सरकारी पद घेणार नाही म्हणाले. बरं वाटलं. पण हे ज्याच्या त्याच्या मनावर का सोडायचं?