वजन वाढले नाही, तरी साखर तपासावी
स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकारांवरील औषधांविषयीच्या लेखातील ‘या औषधांमुळे वजन वाढते आणि केवळ त्यामुळेच साखर वाढते’ हे विधान अपुरे आहे. वजन हे मोठे कारण खरेच; परंतु यांपैकी ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही औषधे वजनात फारसा फरक पडण्याआधीही शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावू शकतात. असेच औषध घेणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा वजनाचा काटा जवळजवळ हललाही नव्हता. त्याची न भागणारी तहान आणि रात्री वारंवार लघवीला उठणे ऐकून डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त तपासले, तेव्हा मधुमेह निघाला.

औषध सुरू करताना, १२ आठवड्यांनी आणि पुढे दरवर्षी ही तपासणी करावी, अशी शिफारस अमेरिकेतील मधुमेह व मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ मध्येच केली होती. तिचा उल्लेख लेखात हवा होता, आणि साखर वाढली म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत, हेही ठळकपणे लिहायला हवे होते.