गिरवलं कोणी, कोणाचं?

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून माझ्याकडे आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. मुघल चित्रकला ही आधी इराणची उसनवारी. तिच्यात जिवंतपणा आला तो 1580 मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री गेले तेव्हा. दरबारातले चित्रकार युरोपची चित्रं गिरवत बसले, बादशहाच्या डोक्यामागचं तेजोवलयही तिकडूनच उचललं. युरोपने मात्र पूर्वेकडून काहीच घेतलं नाही, कारण घेण्यासारखं काही नव्हतं. खाली पुरावा म्हणून दोन चित्रं शेजारी शेजारी लावलेली: एक जर्मनीच्या ड्यूररचं, एक मुघल.

पुरावा खरा आहे, म्हणून आधी तोच बघू. ड्यूररचं चित्र 1511 सालचं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. मध्ये क्रुसावर ख्रिस्त, एका बाजूला मेरी, दुसऱ्या बाजूला हात गुंफून उभा असलेला संत जॉन. मुघल चित्रात फक्त हा जॉन आहे. ते काढलं अबुल हसनने, 1600 साली, वयाच्या तेराव्या वर्षी. आज ते ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. मजकूर लिहिणाऱ्याने चित्रकाराचं वय तेवढं गाळलं. तेरा वर्षांच्या पोराने ख्रिस्त, क्रूस, मेरी सगळं बाजूला ठेवून अंगरख्याच्या चुण्यांचा कठीण अभ्यास निवडला, याला आपल्याकडे रियाज म्हणतात. मुंबईच्या जे.जे.मध्ये कित्येक पिढ्या ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून हात बसवत आल्या, म्हणून त्या चित्रकारांना कोणी ग्रीकांचे नक्कलबहाद्दर म्हणत नाही. हाच अबुल हसन पुढे जहांगीरचा सर्वांत लाडका चित्रकार झाला, ‘नादिर-उल-जमां’ हा किताब त्याला मिळाला.

आता ‘इराणची उसनवारी’. हे अर्धं बरोबर आहे. राज्य गमावलेला हुमायून 1544 मध्ये इराणच्या शाह तहमास्पच्या आश्रयाला गेला, आणि तिथल्या ओळखीतून मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे दोन उस्ताद पुढे त्याच्याकडे आले. तसबीरखान्याची, म्हणजे दरबारी चित्रशाळेची, पायाभरणी त्यांनीच केली. पण विशीच्या आसपासच्या अकबराने हमजानाम्याचं, म्हणजे अमीर हमजाच्या साहसकथांच्या सचित्र ग्रंथाचं, काम काढलं तेव्हा गणितच बदललं. चौदाशे चित्रं, तीही कापडावर, हातात धरायच्या पोथीच्या कितीतरी पट मोठी! दोन उस्तादांच्या हातून हे होणारं नव्हतं. ठिकठिकाणचे चित्रकार गोळा केले गेले आणि त्यात दसवंत, बसावन, केसूदास, मिस्कीन अशी मंडळी पुढे आली. दसवंत हा पालखीच्या भोयाचा मुलगा. भिंतींवर चित्रं काढत हिंडायचा, अकबराची नजर त्याच्यावर गेली आणि त्याला अब्दुस्समदच्या हाताखाली दिलं, असं अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल सांगतो.

त्या काळातलं एखादं उत्तम इराणी पान आणि हमजानाम्याचं पान जवळजवळ ठेवून बघा. इराणी पानावर लढाईसुद्धा बागेत चालल्यासारखी वाटते. रेष नाजूक, रंग रत्नांसारखे, कोणाच्या चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. हमजानाम्यात झाडांचे बुंधे पीळ घालतात, माणसं धडपडतात, मुंडकी उडतात. इतकी धावपळ तहमास्पच्या दरबारात कोणाला रुचली असती, असं मला तरी वाटत नाही.

हमजानाम्याचं काम सुरू झालं साधारण 1562 च्या सुमारास आणि पंधराएक वर्षं चाललं. पाद्री फत्तेपूर सिक्रीत पोचले 1580 च्या फेब्रुवारीत. म्हणजे ज्या जिवंतपणाचं श्रेय त्यांना दिलं जातंय, तो त्यांच्या आधीच पानोपानी होता. शिवाय ते आपणहून गेले नव्हते. 1575 मध्ये अकबरानेच हाजी हबीबुल्लाला गोव्याला पाठवलं होतं, तिथल्या नवलाईच्या वस्तू आणायला आणि कारागिरी शिकून घ्यायला. पाद्र्यांनाही निमंत्रण गेलं ते दरबारातून. रुडॉल्फ अक्वाव्हिवा, मोन्सेरात आणि हेन्रिकेझ हे तिघे गेले ते बादशहाला बाप्तिस्मा द्यायच्या आशेने. कुंचला शिकवायला नव्हे. बाप्तिस्मा काही झाला नाही. पण त्यांनी नजर केलेलं अँटवर्पच्या प्लांटिनच्या छापखान्यातलं आठ खंडांचं बायबल दरबारात राहिलं आणि त्यातली कोरीव चित्रं चित्रकारांच्या नजरेखालून गेली.

त्या छापील चित्रांमधून त्यांनी बरंच घेतलं, आणि ते नाकारायचं कारण नाही. अंगाला गोलाई देणारी छाया घेतली. क्षितिजावर निळसर धूसर होत जाणारी गावं घेतली. पंखवाली बाळं, पृथ्वीचे गोल घेतले. पण सगळ्या रेषा एका बिंदूला जाऊन मिळतात ते युरोपचं काटेकोर यथादर्शन त्यांनी बहुतेक वेळा घेतलंच नाही. जमलं नाही म्हणून? तेराव्या वर्षी ड्यूरर उतरवणाऱ्यांना पट्टी लावून रेषा ओढणं जड गेलं असतं, हे पटत नाही. माझ्या मते कारण वापरात आहे. ही चित्रं भिंतीवर टांगून लांबून बघायची नव्हती. ती मुरक्क्यात, म्हणजे चित्रांच्या वहीत बांधलेली, मांडीवर घेऊन डोळा पानभर फिरवत बघायची. अंगणात काय चाललंय तेही दिसलं पाहिजे आणि गच्चीवर कोण बसलंय तेही. एकाच जागी खिळलेल्या डोळ्याचं यथादर्शन इथे अडचणच करतं.

नकलेच्या कौशल्याबद्दल इंग्लंडचा राजदूत टॉमस रो यालाच विचारू. 1616 मध्ये त्याने जहांगीरला एक इंग्रजी लघुचित्र दाखवलं. जहांगीर म्हणाला, माझा चित्रकार याची अशी प्रत करील की तुला तुझं ओळखता येणार नाही. पैज लागली. रात्री मेणबत्तीच्या उजेडात रोसमोर सहा चित्रं ठेवली गेली, पाच प्रती आणि एक अस्सल. आपलं कुठलं हे ओळखताना आपली चांगलीच अडचण झाली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. बादशहा भलताच खूश झाला.

पण खरी गंमत जहांगीरचा चित्रकार बिचित्र याच्या चित्रात आहे, जे आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. वाळूच्या घड्याळावर जहांगीर बसलाय आणि एका वृद्ध सूफी शेखला ग्रंथ देतोय. शेखच्या खाली तुर्कस्तानचा सुलतान आणि त्याच्या खाली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स. जेम्सचा चेहरा-पेहराव इंग्रजी चित्रावरून हुबेहूब उतरवलाय, इथे नक्कलच आहे. पण त्याला बसवलंय कुठे? बादशहाची भेट मिळायची वाट बघणाऱ्यांच्या रांगेत, एका फकिराच्या खालच्या पायरीला. त्याच्याही खाली कोपऱ्यात बिचित्र स्वतः हातात चित्र धरून उभा. इंग्लंडच्या राजाशेजारी आपली हजेरी लावून घेणाऱ्या या गड्याला ‘गिरवणारा’ म्हणायला मन धजत नाही.

याच चित्रात जहांगीरमागे सूर्यचंद्राचं मिळून केलेलं भलंमोठं तेजोवलय आहे. मुघल बादशहांमागे ते दिसू लागलं ते युरोपीय चित्रं दरबारात आल्यानंतरच, हे मान्य. पण वलय ही काही युरोपची मिरास नव्हे. कनिष्काच्या सोन्याच्या नाण्यावरच्या बुद्धामागे ते आहे, अजिंठ्याच्या भिंतींवरही आहे. मुघलांनी ते अजिंठ्याहून घेतलं नाही, एवढंच.

इराणबद्दल मजकुरात एकच ओळ आहे: मुहम्मद जमान नावाचा चित्रकार रोमला जाऊन शिकला आणि ख्रिस्ती झाला. ही गोष्ट इटालियन प्रवासी मनुचीच्या लिखाणावरून पसरली आणि अभ्यासकांनी बहुतेक ती सोडून दिली आहे. त्याने 1675 मध्ये फारसी कवी निजामीच्या, तहमास्पच्या काळात तयार झालेल्या हस्तलिखितात फिरंगी ढंगाची चित्रं भरली, हे मात्र खरं. त्यासाठी रोमला जायची गरजही नव्हती. इस्फहानमध्ये आर्मेनियन व्यापारी होते, युरोपची छापील चित्रं होती, आणि फिलिप्स आंखेल हा डच चित्रकार दुसऱ्या शाह अब्बासच्या दरबारात काम करून गेला होता.

राहिलं ‘युरोपने काही घेतलं नाही’.

रेम्ब्रँटपासून सुरू करू. 1656 ते 1661 च्या दरम्यान त्याने मुघल लघुचित्रांवरून वीसपेक्षा जास्त रेखाटनं केली, तीही पूर्वेकडून आलेल्या महागड्या कागदावर. जहांगीर, शाहजहान, घोडेस्वार, झाडाखाली बसलेले चार वृद्ध. 1656 मध्येच त्याने अब्राहम देवदूतांना जेवू घालतो हा बायबलमधला प्रसंग छापचित्रात केला, आणि त्यातली जमिनीवर बसलेली मंडळी त्या चार वृद्धांच्या मांडणीवरून आली आहेत. म्हणजे ख्रिस्ती प्रसंगासाठी मुघल चित्र गिरवलं गेलं, आणि गिरवणारा होता रेम्ब्रँट. त्याला कोणी नक्कलबहाद्दर म्हटलेलं माझ्या वाचनात नाही.

व्हिएन्नात पुढे वेगळाच प्रकार घडला. शॉनब्रुन राजवाड्यात मारिया तेरेसाच्या काळात एका दालनाच्या भिंती मुघल चित्रांनी सजवल्या. चौकटी वेड्यावाकड्या आकाराच्या, त्यात बसावीत म्हणून चित्रं कापली, जोडली! कौतुक आणि कात्री एकत्र. त्यातली काही चित्रं रेम्ब्रँटने पाहिलेल्या चित्रांशी जुळतात.

गालिच्यांची कथा तर हसू आणणारी. पोलंडच्या राजाने 1601 मध्ये एका आर्मेनियन व्यापाऱ्याला इराणातल्या काशानला धाडून जरीचे गालिचे विणून घेतले. पुढे 1878 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एका पोलिश सरदार घराण्याचे असेच गालिचे मांडले गेले. त्यांवर घराण्याचं चिन्ह दिसलं, आणि लोकांनी ते पोलंडमध्येच विणलेले समजून नाव ठेवलं ‘पोलोनेज’, म्हणजे पोलिश. चूक कळली, तरी नाव अजून तेच आहे. काही न घेणाऱ्या युरोपने इतकं घेतलं होतं की आपलं कुठलं आणि इराणचं कुठलं हेच त्याला ओळखू येईना.

शेवटचं जरा घराजवळचं. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्याचे चित्रकार दखनेतल्या आणि मुघल मोठ्या माणसांच्या तसबिरी फिरंगी गिऱ्हाइकांसाठी करत आणि डच लोक त्या वह्याच्या वह्या घरी नेत. शिवाजी महाराजांची तशी एक तसबीर आज अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. आपल्याकडे बराच काळ भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून चालत होतं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ते खोडून खरा चेहरा लोकांपुढे ठेवला, तो एका डच ग्रंथात छापलेल्या अशाच तसबिरीवरून. हा मजकूर ज्या तीन ग्रुपवर आला, त्यातल्या दोघांच्या डीपीवर तोच एका बाजूने दिसणारा चेहरा आहे.