दर्जाचा फलक कुठे लावावा?

इस्लामी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर तुमची निवड झाली, मुबारक हो! शाळेचा दर्जा सुधारायची जबाबदारी आता तुमच्यावर आली. घाबरू नका, काम दिसतं तेवढं अवघड नाही. मुलांच्या फार जवळ जायचं नाही, एवढं एकच पथ्य पाळायचं.

सुरुवात भिंतीपासून करा. इत्कान, इहसान, शूरा, मुहासबा हे चार शब्द सुरेख अरबी अक्षरांत लिहून घ्या आणि मुख्य दारासमोर लावा. इत्कान म्हणजे हाती घेतलेलं काम चोख करणं. अल्लाहला ते आवडतं अशा आशयाची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. इहसान म्हणजे ते मनापासून, उत्तम करणं. मुहासबा म्हणजे स्वतःचा हिशेब स्वतः घेणं आणि शूरा म्हणजे सल्लामसलत. खाली अर्थ द्यायला हरकत नाही, पण जरा बारीक टाइपात. नाहीतर एखादा शिक्षक विचारायचा, 'साहेब, सल्लामसलत शेवटची कधी झाली? आम्हाला कसं कळलं नाही?'

समोरची भिंत डेमिंगसाठी राखून ठेवा. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन गृहस्थ १९५० साली जपानी उद्योगपतींना दर्जाचे धडे देऊन आले, तेव्हापासून दर्जाची कुठलीही बैठक त्यांच्या नावाशिवाय सुरू होत नाही. त्यांच्या १४ मुद्द्यांपैकी एक असा की माणसांच्या मनातली भीती घालवा. दुसरा असा की घोषणावाक्यं काढून टाका. दोन्ही ठळक अक्षरांत छापून घ्या. पहिला मुद्दा छडीच्या कपाटावर छान दिसतो.

मग सल्लागार बोलवा. मी स्वतः अशा एका समितीत काही काळ बसलोय, त्यामुळे अनुभवाचे बोल सांगतो. सल्लागार हिफ्जच्या, म्हणजे कुरआन पाठ करायच्या वर्गात शिरले तेव्हा मीही मागे होतो. मुलं चटईवर अर्धगोलात बसलेली. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा हाफिजसाहेबांसमोर, म्हणजे पाठ घेणाऱ्या गुरुजींसमोर सरकून, डोळे मिटून, डोलत म्हणत होता. एक अक्षर घशाच्या तळातून यायला हवं होतं, ते वरच्यावर निसटलं. हाफिजसाहेबांनी मान वर न करता बोटानं रेहलवर, म्हणजे कुरआन ठेवायच्या लाकडी घोडीवर, टक् केलं. मुलगा थांबला, आयत, म्हणजे कुरआनातली ती ओळ, पुन्हा धरली, अक्षर खालून काढलं आणि पुढे गेला. एवढंच. आज नवं पाठ करायचं तो सबक, गेल्या काही दिवसांचं ते सबकी, आणि त्याआधीच्या सगळ्याची फेरउजळणी ती मंजिल. तिन्ही रोज. म्हणजे प्रत्येक मुलाचं कुणीतरी रोज ऐकतं आणि चूक शिळी होण्याआधी सापडते.

सल्लागारांनी हे सगळं शांतपणे पाहिलं आणि हाफिजसाहेबांना एक फॉर्म दिला. 'अपेक्षित निष्पत्ती' या रकान्यात हाफिजसाहेबांनी लिहिलं : मुलाला पाठ येईल. 'पुरावा' या रकान्यात : ऐकून बघा. फॉर्म अपूर्ण म्हणून परत आला. आता ते रोज पाऊण तास फॉर्म भरतात, तेवढ्यात चार मुलांची मंजिल राहते, आणि वर्गाची श्रेणी मात्र 'ब'वरून 'अ' झाली आहे.

शेजारी गणिताचा वर्ग. तिथे अख्खं सत्र उलटलं तरी कुठल्या मुलाला भागाकार येतो हे कुणी ऐकलेलं नसतं, पण फाइल देखणी. इथे एक धोका संभवतो. कुणीतरी म्हणेल, हाफिजसाहेबांची टक् गणितात आणा की. आणि गणितातला 'का?' हिफ्जच्या वर्गात न्या, मुलांना पाठ आयतींचा अर्थही विचारा. असल्या माणसाला लगेच उपसमितीवर घ्या. एका वर्गाला परंपरा म्हणायचं, दुसऱ्याला आधुनिकता, आणि दोन्हींच्या चाव्या वेगळ्या माणसांकडे द्यायच्या.

आता बदल. बदलाला नाही म्हणायचं नसतं, पुढे ढकलायचं असतं. अरब इतिहासकार इब्न खल्दून यांचा 'मुकद्दिमा' हा ग्रंथ १३७७चा. त्यात अंदालुसियाच्या, म्हणजे मुस्लिम अमलाखालच्या स्पेनच्या, काझी अबू बक्र इब्न अल-अरबी यांची सूचना नोंदवलेली आहे : मुलांना आधी भाषा आणि काव्य शिकवा, मग हिशेब, आणि समज आल्यावर कुरआन. इब्न खल्दून म्हणतात, पद्धत चांगली आहे, पण रिवाज तिला अनुकूल नाही. इतिवृत्तात हे जसंच्या तसं वापरता येतं : सूचना उत्तम, रिवाज प्रतिकूल, विषय पुढील सभेत. त्याच ग्रंथात, मारझोडीनं मूल खोटं बोलायला शिकतं असंही लिहिलंय. तेवढं पान उलटा.

इतिहास जपून वापरा. दर्स-ए-निझामी हा मदरशांचा अभ्यासक्रम अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालातल्या मुल्ला निझामुद्दीन यांनी बांधला, म्हणजे एके काळी तोही नवाच होता, हे सभेत बोलू नये. इंडोनेशियातल्या जावामध्ये अहमद दहलान यांनी १९१२ साली मुहम्मदिया ही मुस्लिम सुधारणावादी संघटना स्थापन केली. त्यांच्या शाळेत बाक आणि फळा आला तेव्हा राज्यकर्त्या डचांची नक्कल म्हणून ओरड झाली होती. आज आपण त्याच बाकांवर ऐसपैस बसून संगणकाला विरोध करतो. आणि ज्यांचा विरोध नाही ते इतक्या हौसेनं स्मार्टबोर्ड आणतात की मुलं खराब करतील म्हणून त्याला कुलूप लावून ठेवतात.

इंडोनेशियाचंच अजून एक. १९७५ साली तिथे तीन मंत्र्यांच्या संयुक्त निर्णयानं मदरशांत साधारण ७० टक्के सामान्य विषय ठरले आणि बदल्यात मदरशाच्या प्रमाणपत्राला सरकारी शाळेच्या बरोबरीचा मान मिळाला. तुम्ही यातलं सोयीचं तेवढं घ्या. धार्मिक विषय शंभर टक्के तसेच ठेवा, वर हे सत्तर चढवा. एकशे सत्तर टक्क्यांचं दप्तर उचलायला मुलं आहेतच.

शिक्षक सोडून गेले तर मन लहान करू नका. गणिताचे सर सत्राच्या मध्येच गेले तेव्हा आमचे अध्यक्ष म्हणाले, 'थोर विचारवंत अल-गझालीसुद्धा १०९५ साली बगदादचा निझामिया मदरसा सोडून गेले होते, आत्मशोधासाठी.' सरांचा तीन महिन्यांचा पगार थकला होता. गझालींचा थकला होता की काय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

राहता राहिला फलक. आमच्याकडे उद्घाटन झालं, फोटो झाले, पाहुणे निघाले. हिफ्जचा तो मुलगा तेवढा फलकाखाली उभा राहून एकेक अक्षर लावत होता. 'इत्कान'पाशी आला आणि त्यानं बोटानं भिंतीवर टक् केलं. क़ाफ या अक्षरावर दोन ठिपके हवेत, एकच आहे.

सल्लागार म्हणाले, मगरिबी, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडच्या, लिपीत क़ाफवर एकच ठिपका असतो. अध्यक्षांनी तशी नोंद करून घ्यायला सांगितली.