गाय ‘उरलेलं’ दूध देत नाही : एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

माझ्या भाचीने काही महिन्यांपूर्वी मांस, अंडी आणि दूध सोडलं. तेव्हापासून घरातला जो तो तिला एकच मेसेज पाठवतोय. ‘व्हीगन लोकांना न पटणारी सात सत्यं’ असं त्याचं शीर्षक. परवा तिने तोच मला पाठवून विचारलं, ‘‘मावशी, यातलं पहिलं खरं असेल तर मी दूध उगाचच सोडलं का गं?’’ सतरा वर्षांची मुलगी आपण काय खातो याचा प्रामाणिकपणे विचार करतेय, आणि मोठी माणसं स्वतः पडताळून न पाहिलेला मजकूर तिच्या तोंडावर मारून तिला गप्प करतायत. याचा मला राग आला. सातही मुद्द्यांना उत्तर देते, पण सगळ्यांना सारखी जागा देणार नाही.

१. ‘गाय दूध देतेच. वासराचं पोट भरून उरलेलं आपण घेतो. उलट धार काढली नाही तर तिलाच त्रास होतो.’

यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, आणि त्याच्या आधाराने पहिली दोन खपून जातात. दुभत्या गायीची धार काढली नाही तर कास तटतटते, दुखते, कासदाह होऊ शकतो. मान्य. पण तिच्यावर ती वेळ कशी येते ते मेसेजमध्ये कुठेच नाही.

गाय व्याल्याशिवाय तिला दूध येत नाही. माणसाच्या बाईला येत नाही तसंच. व्यावसायिक डेअरीचं सगळं वेळापत्रक याच गोष्टीभोवती आखलेलं असतं. गाय व्याली की दोन-तीन महिन्यांत कृत्रिम रेतन करून तिला पुन्हा गाभण करतात. गर्भकाळ साधारण २८० दिवसांचा. दूध काढायचं सुमारे ३०५ दिवस, मग साठेक दिवस भाकड ठेवायचं, की पुढचं वेत. हिशोब केला तर वर्षातला निम्म्याहून अधिक काळ ती एकीकडे दूध देत असते आणि दुसरीकडे पोटात वासरू वाढवत असते.

आणि दूध किती? वासराला दिवसाला आठ-दहा लिटर पुरतं. होल्स्टिन या दुधाळ जातीची गाय भरात असताना ३० लिटरच्याही वर जाते. अमेरिकेत १९५० साली एका गायीचं वर्षाचं सरासरी दूध साधारण २,४०० किलो होतं. आज ते १०,५०० किलोंच्या पुढे आहे. हा फरक निवडक पैदाशीने आणि खुराकाने घडवून आणलेला आहे. म्हणजे कास फुटेस्तोवर भरेल अशी गाय आपणच तयार करायची, तिचं वासरू आपणच बाजूला करायचं, आणि मग धार काढून तिच्यावर उपकार करतो म्हणायचं. याला मी युक्तिवाद मानत नाही.

आता वासराचं ‘पोट भरून उरलेलं’. बहुतेक मोठ्या डेअऱ्यांत वासरू जन्मल्यावर काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत आईपासून वेगळं केलं जातं. गायीच्या वारेतून वासराला रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. म्हणून चीक पाजतात, पण बऱ्याचदा बाटलीने किंवा नळीने. पुढेही त्याला बादलीतून मोजून दूध मिळतं, अनेक ठिकाणी दुधाऐवजी पावडर कालवून. नैसर्गिक स्थितीत तेच वासरू आठ-दहा महिने आईला पीत राहिलं असतं. एवढ्या लवकर का तोडता, असं विचारलं तर डेअरीवाले जी कारणं देतात त्यातलं एक असं, की उशिरा तोडलं तर गाय जास्त हंबरते, जास्त अस्वस्थ होते. हे निरीक्षण बरोबर आहे, संशोधनातही तेच दिसतं. मग गाय आणि वासरू यांच्यात काहीतरी नातं जडतं हे डेअरीवाल्यांनाही मान्य आहे. ते जडायच्या आत तोडायचं, एवढाच त्यांचा उपाय.

वासरू कालवड असेल तर तिची रवानगी आईच्याच वाटेने. शिंगांचे कोंब ती काही आठवड्यांची असतानाच तापलेल्या लोखंडाने डागून मारतात. आधी भूल दिली तर वेदना बरीच कमी होते, पण सगळीकडे देत नाहीत. गोऱ्हा असेल तर? दुधासाठी पैदास केलेल्या जातीचा गोऱ्हा दूध देणार नाही आणि मांसासाठी भराभर वाढणारही नाही. काही देशांत त्याला लगेच मारतात, काही ठिकाणी काही महिने वाढवून कोवळ्या मांसासाठी विकतात. जिथे कत्तलीला बंदी आहे तिथे अनेकदा त्याला उपाशी ठेवलं जातं किंवा मोकळं सोडून दिलं जातं. आणि गायीचं काय? वीस वर्षं जगू शकणारी गाय दोन-तीन वेतांनंतर, पाच-सहा वर्षांची झाली, दूध उतरलं, पाय अधू झाले किंवा गाभण राहीना, की मोठ्या डेअरीतून तिची रवानगी कत्तलखान्यात होते.

म्हणून ‘मी मांस खात नाही, फक्त दूध पिते’ असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हेच सांगते. दुधाचा धंदा आणि मांसाचा धंदा एकाच गोठ्यातून निघतात. भाचीने दूध उगाच सोडलेलं नाही.

२. ‘बाजारातलं अंडं फलित नसतं. त्यात जीव नाही. मग कोणाची हत्या?’

अंडं फलित नसतं, बरोबर. प्रश्न अंडं घालणारीचा आणि तिच्या भावंडांचा आहे. अंड्यासाठीच्या जातीत निम्मी पिल्लं नर निघतात. ती अंडी घालणार नाहीत आणि मांसासाठी पोसणं परवडत नाही. उबवणी केंद्रात पिल्लं कवच फोडून बाहेर येतात, अंगाची पिसं वाळतात, आणि मग ती निवड करणाऱ्यांच्या हातात येतात. एकेक पिल्लू उचलायचं, पंखाची पिसं किंवा मागचा भाग पाहून नर की मादी ठरवायचं, मादी एका पट्ट्यावर, नर दुसऱ्यावर. एका पिल्लाला काही सेकंदच मिळतात. दुसऱ्या पट्ट्याच्या टोकाला दळणारं यंत्र किंवा गॅसची पेटी असते. जगभरात वर्षाला अशी सुमारे ७ अब्ज नर पिल्लं मारली जातात असा अंदाज आहे. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली. तिथे अंड्यातच लिंग ओळखण्याचं तंत्र वापरतात. म्हणजे एका सरकारला यात कोणाची तरी हत्या दिसली.

राहिली कोंबडी. तिचे रानटी पूर्वज वर्षाला डझन-दीड डझन अंडी घालतात, ही तीनशेच्या आसपास. कवचासाठीचं कॅल्शियम ती स्वतःच्या हाडांतूनही काढते. डेन्मार्कमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या कोंबड्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांच्या छातीच्या हाडाला फ्रॅक्चर आढळलं. पिंजऱ्यातल्या आणि मोकळ्या सोडलेल्या, दोन्ही प्रकारच्या कोंबड्यांत.

३. ‘वनस्पतींनाही वेदना होतात.’

वनस्पती इजेला प्रतिसाद देतात हे खरं आहे. पान कुरतडलं तर इतर पानांपर्यंत रासायनिक आणि विद्युत संकेत जातात. पण वेदना जाणवायला जे लागतं त्यातलं काहीच, ना मेंदू ना मज्जापेशी, वनस्पतीत नाही. क्षणभर हा मुद्दा मान्य केला तरी तो मेसेजवाल्यांच्याच विरुद्ध जातो, कारण एक किलो मांस तयार व्हायला जनावर कित्येक किलो वनस्पती खातं. रोपांची काळजी असेल तर ती थेट खाणं सगळ्यात कमी नुकसानीचं.

४. ‘नांगरणी-कापणीत उंदीर, साप, पाखरं मरतात. शाकाहारी माणूस मांसाहाऱ्यापेक्षा जास्त जीव मारतो.’

हा मुद्दा ऐकायला सगळ्यात हुशार वाटतो आणि भाचीच्या मित्रमैत्रिणींत सगळ्यात जास्त हाच फिरतोय. त्यामुळे इथे थोडं थांबते.

याचं मूळ एका खऱ्या लेखात आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन स्टेट विद्यापीठातले पशुविज्ञानाचे प्राध्यापक स्टीव्हन डेव्हिस यांनी २००३ मध्ये मांडलं, की पीक घेतलेल्या एक हेक्टर जमिनीत कुरणापेक्षा जास्त रानटी प्राणी मरतात, तेव्हा चरणाऱ्या जनावरांचं मांस खाल्लं तर एकूण मृत्यू कमी होतील. त्याच वर्षी गॅव्हरिक मॅथेनी या अभ्यासकाने यातली चूक दाखवली. डेव्हिस यांनी मोजणी दर हेक्टरी केली होती. पण माणूस हेक्टर खात नाही, अन्न खातो. जेवढी प्रथिनं सोयाबीन-मक्याच्या एका हेक्टरात निघतात, तेवढी कुरणावरच्या गोमांसातून मिळवायला मॅथेनी यांच्या हिशोबाने दहा हेक्टर लागतात. दर माणशी हिशोब केला की निष्कर्ष पूर्ण उलटतो. गेली वीस वर्षं मेसेज फिरवणारे अर्धाच वाद फिरवतायत.

त्याहून मोठा पुरावा २०१८ चा आहे. जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची आकडेवारी एकत्र मांडली. अन्नासाठी वापरल्या जाणाऱ्या जमिनीपैकी ८३ टक्के जमीन मांस, दूध, अंडी, मासे यांच्यासाठी जाते, आणि त्यातून मिळतात १८ टक्के उष्मांक आणि ३७ टक्के प्रथिनं. जगाने प्राणिजन्य अन्न सोडलं तर अन्नासाठी लागणारी जमीन ७६ टक्क्यांनी कमी होईल. यात कुरणंच मोजली असतील, असं कोणी म्हणेल. तर त्याच अभ्यासात नांगराखालची जमीनही १९ टक्क्यांनी घटते, कारण आज नांगरलेल्या शेतातलं बरंच पीक जनावरांच्या खुराकात जातं. नांगर कमी फिरला तर उंदीरही कमी मरणार. मेसेज पाठवणाऱ्याला उंदरांची खरोखर कळवळ असेल, तर त्याने या आकड्यावर बोलावं.

इथे एक गोष्ट मला मान्य करावी लागते, नाइलाजाने का होईना. जनावरं जे खातात त्यातला मोठा भाग माणूस खातच नाही: गवत, कडबा, पेंड, कोंडा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये तो कोरड्या वजनाने ८६ टक्के काढला. उरलेल्या १४ टक्क्यांतच जगातल्या धान्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपतो, हेही त्याच अभ्यासात आहे. पण कोरड्या माळावर किंवा बर्फाळ प्रदेशात, जिथे पीकच येत नाही, तिथल्या पशुपालकाला ‘मांस सोड’ म्हणायचा मला अधिकार नाही. मात्र हा मेसेज पाठवणाऱ्यांत त्या माळावरचा कोणी नाही. ज्यांच्यापुढे डाळी, धान्यं, दाणे, भाज्या सगळं उपलब्ध आहे अशी माणसं त्या पशुपालकाच्या आड लपतायत.

५. ‘माणसाला सुळे आहेत.’

पाणघोड्याचे सुळे हातभर असतात आणि तो मुख्यतः गवत खातो. गोरिलाचेही आपल्यापेक्षा कितीतरी मोठे, आणि तो पानं-फळांवर जगतो. शिवाय आपण मांस पचवू शकतो याबद्दल कोणाचाच वाद नाही. वाद ते खावं का याबद्दल आहे, आणि त्याचं उत्तर दातात सापडणार नाही.

६. ‘आपण पाळलं नाही तर या जाती नष्ट होतील. म्हणजे खाणारेच त्यांना जगवतात.’

मांसासाठीची कोंबडी पाच ते सात आठवड्यांत मारली जाते. तिचं वजन इतक्या वेगाने वाढवलेलं असतं, की शेवटी शेवटी अनेकींना नीट चालताही येत नाही. जमिनीवरचे असे ८० अब्जांहून अधिक प्राणी दर वर्षी कापले जातात, त्यातल्या बहुतांश कोंबड्याच. कोणी जन्मालाच आला नाही तर त्याचं काही हिरावलं जात नाही, पण जन्माला घालून सहा आठवडे असं जगवणं हे त्या जिवाबाबत घडतं, त्याला ते भोगावं लागतं.

आणि जाती नष्ट होण्याची एवढी चिंता असेल तर गाईगुरांचा रानटी पूर्वज ऑरॉक आठवा. त्याची शेवटची मादी १६२७ साली पोलंडमध्ये मेली. शिकार झाली, आणि त्याची चरायची राने शेतीने आणि पाळीव गुरांनी व्यापली. आज पृथ्वीवरच्या सस्तन प्राण्यांचं एकूण वजन केलं तर २०१८ च्या एका अंदाजानुसार सुमारे ६० टक्के पाळीव जनावरं, ३६ टक्के माणसं आणि रानटी प्राणी जेमतेम ४ टक्के. नष्ट होणाऱ्या जाती या शेवटच्या चार टक्क्यांत आहेत.

७. ‘बी-१२ मिळत नाही. मुलं आजारी पडतील.’

सातपैकी हा एकच मुद्दा मी गंभीरपणे घेते. वनस्पतींतून बी-१२ हे जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. ते कमी पडलं तर रक्तक्षय होतो, नसांना इजा होते, आणि ती इजा कधीकधी भरून येत नाही. प्राणिजन्य सगळं सोडणाऱ्याने बी-१२ ची गोळी किंवा ते मिसळलेलं अन्न घेतलंच पाहिजे. यात ‘बघू पुढे’ चालत नाही, आणि ‘नैसर्गिक आहारात सगळं असतं’ असं सांगणारे व्हीगनही चूकच सांगतात. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मुलं यांच्या बाबतीत डॉक्टरांना आधी सांगून, रक्त तपासून, लोह आणि आयोडीनकडेही लक्ष ठेवून आहार ठरवावा.

पण बी-१२ मांसाची मक्तेदारी असल्यासारखं सांगू नका. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. गायीच्या पोटातले जिवाणू ते बनवतात आणि त्यासाठी त्यांना कोबाल्ट लागतं. चाऱ्यात ते कमी असेल तर गायीला वरून देतात. डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात तर बी-१२ च मिसळतात. तेच जीवनसत्त्व, जिवाणूंकडूनच तयार करून घेतलेलं, आपल्याला गोळीतून थेट घेता येतं.