हाडाची देवी की भाल्याचं टोक?

"भारतातली सगळ्यात जुनी देवी हाडाची आहे," सुहास म्हणाला आणि वैशालीने चहाचा ग्लास खाली ठेवला. "देवी कसली! मोडक्या भाल्याचं टोक आहे ते."

दोघं बोलत होते ते एकाच वस्तूबद्दल. उत्तर प्रदेशात बेलन नदीच्या खोऱ्यात लोहंदा नाला आहे. तिथे अलाहाबाद विद्यापीठाच्या जी. आर. शर्मांच्या चमूला नदीच्या गोट्या-वाळूच्या घट्ट थरात एक कोरीव हाड सापडलं. काळ उत्तर पुराश्मयुगाचा, म्हणजे ढोबळमानाने वीस हजार वर्षांपूर्वीचा. त्याला मातृदेवता म्हटलं गेलं आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही तेच उतरलं. पण शैलकलेचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांच्या मते ते मासे मारायचं मोडलेलं हार्पून, म्हणजे काटेरी भाल्याचं टोक आहे.

"अगं, छाती दिसते, कंबर दिसते, मांड्या दिसतात!" सुहास.

"हार्पूनला दोन्ही बाजूंनी काटे असतात. ते मोडले, झिजले की फुगवटे उरतात. तू ज्याला कंबर म्हणतोस ती दोन काट्यांमधली खाच असू शकते."

सुहास खरोखर चिडला. "युरोपात गुहेत निघाली की व्हीनस देवी, आणि आपल्याकडे निघाली की भाला?"

हा राग मला समजतो. पण वैशालीचं उत्तर मला पटलं. जर्मनीतल्या होहले फेल्स गुहेत २००८ साली मॅमथच्या सुळ्यातून कोरलेली जेमतेम सहा सेंटिमीटरची बाई सापडली. ती किमान ३५ हजार वर्षांपूर्वीची आहे. तिला डोकं नाही, त्या जागी ओवायचं कडं आहे. "पण तिच्या हाताला बोटं कोरलीत रे. भाल्याला कोण बोटं कोरेल?" ऑस्ट्रियात विलेनडॉर्फला १९०८ साली मिळालेली चुनखडीची मूर्तीही तशीच. अकरा सेंटिमीटरची, पण बेंबी आहे, डोक्यावर वेणीसारखे वळसे आहेत, अंगावर गेरूचे अंश आहेत. "त्या बाया आहेत हे नक्की. देवी आहेत हे मात्र मी त्यांच्याबद्दलही म्हणणार नाही. कडं असलेली ती तर कुणी गळ्यातही घालत असेल."

नंदू इतका वेळ गप्प होता. त्याने विचारलं, "मग देवी ओळखायची कशावरून?"

मला बाघोर आठवलं, आणि तिथून मी बोलतच सुटलो. मध्य प्रदेशात सीधी जिल्ह्यात, सोन नदीच्या खोऱ्यात १९८० साली अलाहाबाद आणि अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठांच्या संशोधकांनी तिथे उत्खनन केलं. वालुकाश्माचे तुकडे रचून केलेला साधारण ८५ सेंटिमीटर व्यासाचा गोल ओटा निघाला. त्याच्या मध्यावर आणि आसपास एका रंगीत दगडाचे तुकडे होते. ते जुळवल्यावर वीतभरापेक्षा लहान, त्रिकोणी दगड तयार झाला. त्यावर एकात एक त्रिकोण आहेत, तेही निसर्गानेच काढलेले. ओटा सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीचा. त्या भागातले कोल आणि बैगा आदिवासी आजही असेच त्रिकोणी दगड ओट्यावर मांडून माई म्हणून पुजतात. तरीही संशोधकांनी १९८३ साली लेख छापला तेव्हा शीर्षकात 'मंदिर' म्हणताना शेवटी प्रश्नचिन्ह ठेवलं. मला त्या प्रश्नचिन्हाबद्दल फार आदर वाटतो.

"म्हणजे आपला तांदळाच की!" नंदू म्हणाला. अगदी बरोबर. नाक-डोळे नसलेला, शेंदूर फासलेला दगड आपल्याला देव म्हणून ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. तो मांडलेला असतो, म्हणून कळतं.

"म्हणून माझं म्हणणं एवढंच," वैशाली म्हणाली, "लोहंद्याचं हाड नदीने वाहून आणलेल्या गोट्यांत मिळालं. ते कुणी कुठे ठेवलं होतं, कशासाठी, ती खूण पुसली गेली. उरला फक्त आकार, आणि आकारात आपल्याला हवं ते दिसतं."

सुहासने मोबाइलवर त्या हाडाचा फोटो शोधून आडवा धरला, मग उभा. बराच वेळ पाहत राहिला.

"आणि बाघोरचा तो दगड ओट्याऐवजी बेलनच्या गोट्यांत पडलेला असता तर?"

"तर कुणी उचललासुद्धा नसता."

"मग असे किती राहिले असतील तिथे?" तो म्हणाला.