निर्वासितांना परतवू इच्छिणाऱ्या वसाहती अधिकाऱ्यास हिताच्या चार गोष्टी

आपण 1940 साली ब्रिटिश साम्राज्याच्या वसाहत खात्यात नोकरीस आहात, असे धरून चालू. नाझींच्या तावडीतून निसटलेल्या ज्यूंच्या खचाखच भरलेल्या बोटी आपल्याच ताब्यातील पॅलेस्टाइनच्या हैफा बंदराकडे येत आहेत. घाबरू नका, तोंडाने नकार देण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, अशी तजवीज वरिष्ठांनी आधीच केली आहे.

प्रथम आकडा जाहीर करावा. मे 1939 च्या श्वेतपत्रिकेने पाच वर्षांत 75,000 ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये घेण्याचे ठरवून पुढचे सारे अरबांच्या संमतीवर सोपवले, त्यामुळे आकड्याबाहेरचा माणूस आपोआप बेकायदा ठरला. 1943 च्या अखेरीस त्यांतले सुमारे 31,000 परवाने शिल्लकच होते. ते घेणारी माणसे युरोपात कोठे गेली, हे विचारणे आपल्या खात्याचे काम नव्हे.

मग नकाशा उघडून एखादे दूरचे बेट शोधावे. नोव्हेंबर 1940 मध्ये हद्दपारीसाठी ‘पात्रिया’ बोटीवर सुमारे 1,800 जण चढवले होते; ती निघू नये म्हणून हगाना या ज्यू संघटनेने स्फोट घडवला, त्याचा अंदाज चुकला आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. वाचलेल्यांना दया म्हणून राहू द्यावे, पण दयेची सवय जडू नये यासाठी ‘अटलांटिक’ नावाच्या बोटीवरून आलेल्या सुमारे 1,580 जणांना डिसेंबरात मॉरिशसला धाडावे. तेथे जागा आहे का, ही शंका व्यर्थ आहे. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते तेव्हा याच बेटावर सुमारे साडेचार लाख हिंदी गिरमिटिये मावले, आणि त्यांत मुंबईहून जहाजात भरलेली आपली कोकणातली माणसेही होती. हे पाहुणे ऊस तोडायला आलेले नसल्यामुळे त्यांना बो बासाँच्या तुरुंगात ठेवावे, पुरुषांना कोठड्यांत आणि बायकांना पत्र्याच्या झोपड्यांत. कारण विचारलेच, तर ज्या राजवटीने त्यांना देशोधडीला लावले तिचेच ते हेर असू शकतात, असे गंभीर चेहऱ्याने सांगावे.

मुत्सद्देगिरीचा उत्तम धडा मात्र ‘स्त्रुमा’चा. रुमानियाहून सुमारे 770 माणसे घेऊन निघालेली ही बोट डिसेंबर 1941 पासून इस्तंबूलला इंजिन बिघडून अडकली होती. अंकाऱ्यातील आपल्या राजदूताने माणुसकीच्या भरात तिला पुढे जाऊ द्यावे असे तुर्कांना सुचवले, तेव्हा वसाहत खात्याने त्याबद्दल तीव्र नाराजी नोंदवली. पुढे अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांना घेण्याची तयारी दाखवली, परंतु त्यांना आणायला जहाज नव्हते आणि खुष्कीच्या मार्गाला तुर्क राजी नव्हते. शेवटी तुर्कांनी बोट ओढून काळ्या समुद्रात सोडली, सोव्हिएत पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला आणि एक जण वाचला. दोर तुर्कांचा, टॉर्पेडो रशियनांचा; आपण केवळ आलेल्या तारांना उत्तरे दिली होती.

ऑगस्ट 1945 मध्ये मॉरिशसचे कैदी, सव्वाशेच्या आसपास माणसे तेथेच पुरून, अखेर पॅलेस्टाइनला जातील. त्यांना तेथे येऊ देण्याचा विचार नाही, असे 1940 साली सरकारनेच जाहीर केले होते, याची कोणी आठवण दिल्यास ती फाइल बदली झालेल्या अधिकाऱ्याकडे होती, असे कळवावे.