खुलासा: झाओ वू-की यांना 51 कोटी डॉलर मिळालेले नाहीत

'चिनी चित्रकाराला एका अमूर्त चित्राचे 51 कोटी डॉलर मिळाले' असा मेसेज फिरतोय. चित्र खरं आहे, बाकी सगळी खिचडी.

झाओ वू-की यांचं 'ज्वँ-ऑक्तोब्र 1985' (फ्रेंचमध्ये 'जून-ऑक्टोबर 1985') हे तैलचित्र सोथबीज या लिलावघराच्या हाँगकाँग लिलावात 30 सप्टेंबर 2018 रोजी विकलं गेलं. 51 कोटींचा आकडा हाँगकाँग डॉलरमधला आहे. अमेरिकी डॉलरमध्ये तो साधारण साडेसहा कोटी होतो. हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली लागली, ती 45 कोटींवर. त्यावर खरेदीदाराकडून घेतलं जाणारं लिलावघराचं शुल्क, म्हणजे प्रीमियम, चढलं, तेव्हा बेरीज 51 कोटींवर गेली. बातम्यांत ही बेरीजच छापतात, विक्रीपूर्व अंदाजात मात्र प्रीमियम धरलेलं नसतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून 'अंदाजापेक्षा इतकं जास्त' म्हणणं म्हणूनच फसवं.

चित्रकाराला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. झाओ 2013 मध्ये वारले. विकणारा मालक वेगळाच. त्याने हे चित्र 2005 मध्ये सुमारे 1.8 कोटी हाँगकाँग डॉलरला घेतलं होतं. फेरविक्रीत चित्रकाराच्या वारसांना वाटा देण्याचा कायदा हाँगकाँगमध्ये नाही.

'चिनी' हेही अर्धंच. जन्म बीजिंगचा, पण 1948 पासून मुक्काम पॅरिसला आणि 1964 पासून नागरिकत्व फ्रेंच. शीर्षकात जून-ऑक्टोबर आहे म्हणून चित्रात पावसाळा शोधू नका, तो चित्र रंगवण्याचा काळ आहे. आणि मेसेजमधल्या फोटोत या त्रिपट्टाचा, म्हणजे तीन भागांच्या चित्राचा, एकच भाग दिसतो. तिन्ही कॅनव्हास मिळून चित्र 10 मीटर रुंद, 2.8 मीटर उंच आहे.